चराच्या अलीकडे

पाटकऱ्याचा हात मोडला तो आमच्या फावड्याच्या दांड्याने, आणि दांडा होता माझ्या नवऱ्याच्या हातात. याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, ह्यांचंही नाही. कोर्टात विचारलं तेव्हा ह्यांनी सरळ सांगून टाकलं, हो, मीच मारलं. आमचा वकील कपाळाला हात लावून बसला.

त्या साली पाणी कमी होतं. आठवड्याची पाळी बारा दिवसांवर गेली होती. आमच्या पाळीच्या दिवशी खालच्या रानातल्या अर्ध्या सऱ्या भिजतात न भिजतात तोच पाटकऱ्याने पाटाचं दार पाडलं. वरून हुकूम आला म्हणाला. ते दार उचलायला हे गेले, तो आडवा आला, शब्दाला शब्द लागला आणि एकच फटका बसला. कोंबडी कापायची म्हटली तरी तोंड फिरवून उभा राहणारा हा माणूस. हाड मोडल्याचा आवाज मला घरापर्यंत ऐकू आला असं मी सगळ्यांना सांगत असे, पण खरं म्हणजे तो मला नंतरच ऐकू येऊ लागला असावा.

पहिलाच गुन्हा, कबूलही केलेला, म्हणून कोर्टाने तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या बोलीवर सोडलं. दोन वर्षं प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीखाली राहायचं, वागण्यात काही वावगं आढळलं तर कोर्ट परत बोलावून शिक्षा सांगणार. मामंजींनी घरी येऊन पहिल्यांदा काय केलं असेल, तर कोर्टाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला. मी सातवी शिकलेय. तो कागद मी दोनदा वाचला होता. त्यात एक ओळ अशी होती की हा इसम अधिकाऱ्याच्या कायदेशीर सूचनांचे पालन करील. कायदेशीर कुठली आणि नसलेली कुठली, हे काही त्यात नव्हतं. ऑफिसरने दिली म्हणजे ती कायदेशीरच असणार, असं आम्ही धरून चाललो.

ऑफिसर म्हणजे एक बाई निघाल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. स्कूटरवर आल्या, फाइल छातीशी धरून अंगणात उभ्या राहिल्या, सासूबाईंनी दिलेलं पाणी उभ्यानेच प्यायल्या. चेहरा दमलेला होता. त्या दिवशी आमच्यासारखी आणखी चार घरं करायची होती म्हणाल्या. घर पाहिलं, चूल पाहिली, कोण काय करतं ते विचारून लिहून घेतलं. मग सगळं एका दमात सांगितलं. दर दुसऱ्या सोमवारी ऑफिसात येऊन सही करायची. दारूला शिवायचं नाही. न विचारता गाव सोडून राहायचं नाही. कामधंदा सोडायचा नाही. आणि मग खाली रानाकडे हात करून म्हणाल्या, "आणि त्या पाटाकडे आता फिरकूसुद्धा नका. तो चर दिसतोय ना, त्याच्या अलीकडेच राहा. परत समोरासमोर यायला नको."

"बरं," हे म्हणाले.

आमचं रान दोन तुकड्यांत आहे. घराजवळचं वरचं, ते मुरमाड. मध्ये पाणी निघून जायला एक चर खणलेला, आणि चरापलीकडे पाटापर्यंत खालचं रान. माती तिथेच आहे. घर चालतं ते खालच्या रानावर, वरचं आपलं असून नसल्यासारखं. आणि चर म्हणाल तर असा की कोंबडी उडी न मारता चालत ओलांडते.

त्या दिवसापासून हे चराच्या पलीकडे गेले नाहीत.

बटाट्याची लागवड आली. हे वरच्या रानातलं सगळं काम एकटे उरकायचे, मग बेण्याच्या पाट्या भरभरून चराच्या काठावर आणून ठेवायचे. तिथून मी उचलायची. मामंजी सरी ओढायचे, मी मागून फोडी टाकत जायची, परत फिरून ते माती लोटायचे. मामंजींचं वय सत्तरीच्या पुढे. खांदे अजून भक्कम होते, पण दुपारनंतर हात थरथरायचे. ते थरथरणं लपवायला ते फावड्याचा दांडा घट्ट धरून उभे राहायचे आणि आभाळाकडे बघत मला विचारायचे, ढग येतायत का गं? ढग नसायचेच.

हे काठावर उभे राहून सांगायचे. आप्पा, ती सरी वाकडी जातेय. अहो आप्पा, तिथे पाणी साचेल. मामंजी सुरुवातीला ऐकून घ्यायचे. मग एक दिवस म्हणाले, "तू तिकडे बघ ना." त्यानंतर ह्यांनी सांगणं सोडलं. नुसते उभे राहू लागले.

पाण्याची पाळी आली की मीच खाली जायची, साडी खोचून, गुडघ्याइतक्या चिखलात. सऱ्यांची तोंडं एक एक फोडायची आणि बुजवायची. मला हे काम कधी करावं लागलं नव्हतं. पहिल्या पाळीला माझ्याकडून एक बांध फुटला आणि निम्मं पाणी शेजारच्या रानात गेलं. हे चराच्या काठाकाठाने धावले, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि काठाच्या टोकाला जाऊन थांबले. शेजारचा माणूस हसला. त्याने ह्यांचं नाव ठेवलं सरहद्दीवरचा शिपाई, आणि गावाने ते उचललं. दुकानात गेले की शिपाई आले म्हणत. हे मुकाट्याने साबण, मीठ, काय हवं ते घेऊन परत यायचे.

पाटकरी रोज दोनदा पाटावरून जायचा. त्याचा हात बसला होता, पण सरळ बसला नव्हता. कोपराखाली थोडा बाहेर वळलेला. माझ्याकडे न बघता जायचा. एकदा मात्र थांबला आणि ह्यांना हाक मारून म्हणाला, "ये की रे इकडे. म्हाताऱ्याला काय राबवतोस? मी काय खातो का तुला?" झालं, हे घाबरून घरातच आले. त्याने मुद्दाम बोलावलं, गेलो असतो तर लगेच कळवलं असतं, म्हणाले. मला तसं वाटलं नव्हतं. आमच्या घरात तेव्हा कुणी काही बोलायचं नाही. बोलायला काही उरलं नव्हतं असं नाही. जिभेवरच काहीतरी बसलं होतं, सगळ्यांच्याच.

एका सोमवारी मी ह्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. लांब ओसरीवर बाक होतं, त्यावर सात-आठ माणसं एकमेकांकडे न बघता बसलेली. हे टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. नंबर आला तसे आत जाऊन उभे राहिले. मॅडमनी बसा म्हटलं तरी उभेच. काही अडचण आहे का, त्यांनी विचारलं. नाही, म्हणाले. घरी सगळं ठीक? ठीक. सही केली आणि बाहेर आले. रस्त्यात मी म्हटलं, विचारायचं होतं ना खालच्या रानाचं, आता काढणी येईल. तर म्हणाले, "विचारलं म्हणजे मनात जायचं आहे असं होतं. त्या तसं लिहून ठेवतील." मला ते पटलं. आज सांगायला लाज वाटते, पण पटलं होतं.

काढणीला ऊन चढलेलं होतं. पाला वाळून भुईसपाट झालेला. मामंजी कुदळीने वरंबा उलटायचे, मी बसून बटाटे वेचायची. पाटी भरली की डोक्यावर घेऊन चरापर्यंत यायचं, तिथे हे हात पुढे करून घ्यायचे आणि घराकडे न्यायचे. दिवसाला दीड सरी, फार तर दोन. वीस सऱ्या होत्या. माझ्या गुडघ्यांची कातडी जाऊन तिथे काळे घट्टे पडले होते. मामंजी दुपारी भाकरीचे दोन घास खाऊन बाकीची परत फडक्यात बांधायचे.

सातव्या दिवशी जेवणं झाल्यावर पोती संपली म्हणून मी घरी आले. पोती माळ्यावर होती. मी शिडी लावून वर चढले, एकेक झटकून खाली टाकत होते. ह्यांची हाक ऐकू आली, पण मला वाटलं पोत्यांसाठी घाई करतायत. आले, आले, असं मी आतूनच म्हटलं. परत हाक. मग आवाज बदलला. मी खाली उतरले.

हे काठावर उभे होते. पायाची बोटं काठाच्या पलीकडे निघालेली, टाचा अलीकडे. पुढे वाकलेले. "आप्पा पडले, आप्पा पडले," एवढंच चाललेलं. मी त्यांच्या बाजूने धावत गेले. माझा धक्का लागून ते मागे सरकले, पुढे नाही.

मामंजी सरीत कुशीवर पडले होते. एक हात अंगाखाली दुमडलेला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि श्वास घोरल्यासारखा येत होता. गालाला चिकटलेली माती मी पदराने पुसली. त्यांनी डोळा फिरवला, एकच, माझ्याकडे नाही, चराकडे. मी उचलायला गेले पण ते मला हलेनात. तेवढ्यात पाटावरून पाटकरी धावत आला. त्याने पाय धरले, मी खाकेत हात घातले. त्याच्या त्या वाकड्या हाताला पकड नव्हती. दोनदा पाय निसटले. दोनदा आम्ही मामंजींना परत मातीत ठेवलं. चाळीस पावलं असतील. पाटकरी नुसता धापा टाकत होता. चरापर्यंत आलो तसे ह्यांनी हात पुढे केले, पाटी घ्यायचे तसेच, आणि बापाला कडेवर घेतल्यासारखं उचलून पळत सुटले.

दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त उतरलं, आधी आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. सांगता आलं नसतं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. ह्यांनी मला त्या आठवड्यात एकदाच सांगितलं, अंथरुणावर पडल्या पडल्या, छताकडे बघत, की त्यांनी मला अकरा हाका मारल्या होत्या. मी तीन ऐकल्या होत्या. मी तसं सांगितलं. ते बरं म्हणाले आणि झोपले. मीही झोपले. झोप यायची नाही असं वाटलं होतं, पण आली.

सासूबाईंनी ह्यांना काही विचारलं नाही. जेवायला वाढायच्या, ताट उचलायच्या. फक्त एकदा दारात बसून मला म्हणाल्या, तो चर बुजवला असता तर बरं झालं असतं गं. मी म्हटलं, पाणी तुंबलं असतं. हो, तेही आहे, म्हणाल्या.

त्या गडबडीत एक सोमवार चुकला. मला पहिल्यांदा आठवलं ते मंगळवारी. दुःखातसुद्धा माणूस किती हिशेबी असतो बघा. डॉक्टरचा कागद काढून ठेवला आणि वाट बघत बसलो, कारण सोमवार चुकला की मॅडम घरी येतात हे माहीत होतं.

त्या शुक्रवारी आल्या. मामंजींचं कळल्यावर चपला काढून आत येऊन बसल्या. सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. सोमवारचं काही मनात आणू नका, मी कारण लिहीन, म्हणाल्या. मग कसं झालं ते विचारलं. मी सांगितलं, जसं झालं तसं. मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुम्ही कुठे होतात?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"चराजवळ."

"मग गेला का नाहीत?"

ह्यांना प्रश्नच कळला नव्हता. "तुम्ही सांगितलं होतं ना," शेवटी म्हणाले. "चराच्या पलीकडे जायचं नाही म्हणून."

"कधी?"

"पहिल्या दिवशी. अंगणात."

मॅडमनी फाइल उघडली. कोर्टाचा हुकूम काढला आणि बोट ठेवून एक एक अट वाचली. सहा होत्या. वाचून झाल्यावर पान उलटून मागेही बघितलं, तिथे नुसता शिक्का होता. मग माझ्याकडे बघून विचारलं, तेव्हापासून? मी म्हटलं, तेव्हापासून. लागवड, पाणी, खुरपणी, काढणी, सगळं मी आणि मामंजींनी.

"मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "आता आठवतंय. पण तो हुकूम नव्हता हो. काळजीने म्हटलं होतं, दोन दिवस जरा लांब राहावं म्हणून. मला तो अधिकारच नाही. तुमच्या स्वतःच्या शेतात जायची बंदी करायची तर ती कोर्टाने करायची, तुमचं म्हणणं ऐकून. मी भेटी द्यायच्या, चौकशी करायची, सल्ला द्यायचा आणि कोर्टाला कळवायचं. मला अट घालता येत नाही. आहे ती काढताही येत नाही, फार तर अर्ज करता येतो."

"मग त्या दिवशीच सांगायचं," मी म्हटलं. "कुठलं कागदातलं आणि कुठलं तुमच्या मनातलं."

"सांगायला हवं होतं."

एवढंच म्हणाल्या, सारवासारव केली नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, मी वाटही बघत होते त्याची, पण आला नाही. त्यांच्या कपाळावर स्कूटरच्या हेल्मेटचा वळ उठला होता, मी तोच बघत बसले.

मग त्यांनीच सांगितलं की माझ्याविरुद्ध तुम्ही तक्रार करू शकता, आणि कुणाकडे करायची ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, स्वतःच्या हाताने. मी विचारलं, केली तर काय होईल? चौकशी होईल, म्हणाल्या, सगळ्यांचे जबाब होतील, पाटकऱ्याचासुद्धा. आणि तोवर सही कुणासमोर करायची? माझ्यासमोरच, म्हणाल्या, या भागाला दुसरं कुणी नाही. मी चिठ्ठी घडी घालून डब्याखाली ठेवली. सव्वा वर्ष अजून बाकी होतं.

खाली नऊ सऱ्या तशाच होत्या. भेगा पडून बटाटे उघडे पडायला लागले होते, ऊन लागलं की हिरवे होतात, मग ते कुणी घेत नाही. मी एकटी दिवसाला अर्धी सरी काढू शकत होते. मॅडमना मी ते सांगितलं. त्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, मग तुम्ही आजच जा, काही अडचण नाही.

"लिहून द्या," हे म्हणाले.

मॅडमनी कोरा कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या, थांबल्या, खोडल्या. परत लिहिलं, परत खोडलं. "कसं लिहू?" त्या म्हणाल्या, आमच्याशी की स्वतःशी ते कळलं नाही. "जी बंदी नाहीच ती उठवली, असं लिहिता येत नाही. परवानगी देते असं लिहिलं तर परवानगी द्यायचा अधिकार मला आहे असं होतं. तोही नाही." त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला. त्यात त्यांची स्वतःची भीतीही होती हे मला दिसलं. माझी त्याला हरकत नव्हती. भीती आता आमच्या ओळखीची झाली होती.

"मग राहू द्या," हे म्हणाले. "वरच्या रानात करतो मी. तिथे काम आहे."

वरच्या रानात काही काम नव्हतं.

सासूबाई इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, मग तोंडानेच सांगा त्याला. नीट सांगा. तुमचं ऐकतो तो."

मॅडम उठल्या. अंगणात आल्या, आम्ही मागोमाग. खाली मामंजींची कुदळ अजून सरीतच उभी होती, कुणी आणली नव्हती. मॅडमनी ह्यांच्याकडे बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "शेत तुमचं आहे. तुम्हाला कुणीही अडवलेलं नाही. मीही नाही. तुम्ही जा."

हे ऐकत होते, मान खाली घालून, सोमवारी ऑफिसात उभे राहतात तसे. मग त्यांनी मान वर केली.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "कुठपर्यंत जाऊ?"

टोमणा नव्हता तो. पंधरा वर्षं संसार केलाय, ह्या माणसाला टोमणा मारता येत नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, पाटापर्यंत गेलेलं चालेल का दोन सऱ्या अलीकडे थांबायचं. हे तिथेच उभे राहून त्या काय सांगतात याची वाट बघू लागले.